शनिवार-रविवार रुळांवर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सुट्टीतल्या दोन दिवसांच्या ट्रिपबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा असं लिहिलं होतं, आणि पत्रांचा गठ्ठा उघडला तर रेल्वेवरचे प्रश्न इतके की ह्या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, मुलीला आत्ताच पाच पूर्ण झाली. मुलाला रेल्वेचं एवढं वेड आहे की जेवताना ताटात चपातीचे रूळ मांडतो. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे ते दाखवायचंय. ह्यांचं म्हणणं पहाटे कार काढू, म्युझियम बघू, कुठेतरी जेवू आणि रात्री घरी. मला वाटतंय एक मुक्काम करावा. काय करावं? (राजारामपुरी)

उत्तर : ताई, मुक्काम करा आणि कार घरीच ठेवा. पोरगं रेल्वेवेडं आणि त्याला रेल्वे बघायला हायवेने न्यायचं हे काही पटत नाही बघा. आणि म्युझियमचा शो साधारण अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा असतो, त्यासाठी जाऊन-येऊन आठ-नऊ तास कारमध्ये बसवलं तर परतताना दोघंही किरकिर करणार. त्यापेक्षा कोल्हापूर ते पुणे हा जो सव्वातीनशे किलोमीटरचा रूळ आहे तोच ट्रिपचा पहिला भाग धरा. खरी गाडी, खरा सिग्नल, खरा बोगदा आधी डोळ्यासमोरून गेला की मग म्युझियममधल्या छोट्या गाडीत त्याला काय काय दिसेल ते बघा, नाहीतर ते नुसतं महागडं खेळणं वाटतं.

आता गाडी कुठली. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत चालू झालीय, ती कोल्हापुरातून सोमवार, गुरुवार, शनिवार सकाळी सव्वाआठला सुटते आणि दुपारी दीडच्या सुमारास पुण्यात, आणि पुण्याहून बुधवार, शुक्रवार, रविवार दुपारी सव्वादोनला सुटून पावणेआठपर्यंत आपल्या घरात. म्हणजे शनिवारी जा, रविवारी या, तुमच्यासाठीच लावल्यासारखं आहे. टाइमटेबल अधूनमधून बदलतं म्हणून तिकीट काढताना तारीख टाकून खात्री करा, आणि बुकिंग ६० दिवस आधी उघडतं तेव्हाच काढून टाका, शनिवारची सीट शेवटच्या आठवड्यात मिळेल अशी आशा धरू नका. मुलीला पाच पूर्ण झालीत म्हणजे तिची सीट धरायची तर पूर्ण तिकीट लागेल. सीट घ्याच, एवढा वेळ मांडीवर बसून तिला खिडकी कुठली मिळणार.

स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा. आपलं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणजे खरंच टर्मिनस, रूळ इथे संपतात, आणि रूळ संपतो म्हणजे नेमकं काय होतं हे मुलांना बघायचं असतं. तो शेवटचा अडसर प्लॅटफॉर्मवरूनच दाखवा. मग गाडीकडे न्या आणि विचारा इंजिन कुठाय? वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं, मोटरी डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायची भानगडच नाही. हे कळल्यावर आठ वर्षांचं पोरगं पुढचा अर्धा तास दुसरं काही बोलणार नाही.

वाटेत काय दाखवायचं तर रुकडीजवळ पंचगंगा, जयसिंगपूर सोडलं की मिरजेच्या आधी कृष्णा, मग मिरज, सांगली, पुढे किर्लोस्करवाडी. ह्या स्टेशनचं नाव पूर्वी कुंडल रोड होतं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना आणि गाव वसवलं तेव्हा तिथे आधीपासून रेल्वे होती म्हणूनच ते जमलं, कारण लोखंड आणणार कशाने आणि नांगर पाठवणार कशाने. वाठारच्या पुढे आदर्कीच्या बाजूला घाट लागतो आणि बोगदे येतात, तिथे मुलांना झोपू देऊ नका. बोगदे मोजायला सांगा, मोजण्यात दोघांची भांडणं झाली तरी चालतील. मग नीरा, जेजुरी, आणि पुणे.

पुण्याला उतरलं की स्टेशनची इमारत बाहेरून एकदा नीट बघा, १९२५ ची आहे. बाहेरच मेट्रोचं स्टेशन, रिक्षात बसायच्या आधी मेट्रो घ्या, वनाजकडे जाणारी. डेक्कनच्या पट्ट्यात ती मुठेच्या काठाकाठाने जाते आणि वरून पुणं दिसतं. वेळ असेल तर मध्ये सिव्हिल कोर्टला, म्हणजे जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा, तिथे दोन लाइनी एकमेकींना छेदतात, एक वर खांबांवर आणि दुसरी जमिनीखाली साधारण ३३ मीटरवर. एकामागून एक सरकते जिने उतरत खाली जायचं आणि परत वर यायचं, ह्यातच पोरं खूश होतात. पुढे नळ स्टॉप किंवा आयडियल कॉलनीला उतरून रिक्षा, पत्ता सांगायचा जी. ए. कुलकर्णी पथ, जोशींचं रेल्वे म्युझियम.

हे म्युझियम भाऊ जोशींनी उभं केलं. त्यांना छोट्या गाड्यांचा छंद, १९८० च्या दशकात पुण्यात ते आपला लेआउट, म्हणजे छोट्या रुळांची आणि गाड्यांची मांडणी, लोकांना दाखवायला मांडायचे, मग कायमची जागा असावी म्हणून त्यांनी कोथरूडला हे बांधलं आणि १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. आत एक अख्खं शहर आहे. वाफेच्या इंजिनाची गाडी, वेगाने जाणारी गाडी, वरच्या रुळाला लटकून चालणारी गाडी, डोंगरावर दोराने चढणारी गाडी, हायवे, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, ड्राइव्ह-इन थिएटर, आणि सगळं चालतं, नुसतं मांडून ठेवलेलं नाही. शो कंट्रोल पॅनलवरून चालवतात. आपल्याकडे एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

शो नीट बघायचा असेल तर एक करा, मुलाला आधी सांगून ठेवा की सगळ्या गाड्यांच्या मागे धावू नकोस, एकच गाडी धर आणि ती कुठून निघते, कुठे थांबते, तिला सिग्नल कधी मिळतो, रूळ कुठे बदलतो तेवढंच बघ. जमलं तर दुसऱ्या शोला परत बसा, तेव्हा बाकीचं. हात लावायचा नाही हे घरूनच सांगून ठेवा. शोच्या वेळा वारांप्रमाणे वेगळ्या असतात म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि शनिवारीच जा, रविवारवर ढकलू नका.

मुक्काम डेक्कन किंवा शिवाजीनगरला मेट्रोच्या जवळ घ्या. रविवारी सकाळी लवकर उठत असतील तर पुणे स्टेशनला प्लॅटफॉर्म तिकीट काढून सव्वासातची डेक्कन क्वीन सुटताना दाखवा. १ जून १९३० पासून चालू असलेली गाडी, आजही तिला डायनिंग कार आहे, लोक टेबलावर बसून ऑम्लेट खात मुंबईला जातात. मग नाश्ता करून सारसबागेच्या बाजूला पेशवे उद्यानात फुलराणी, ही छोटी गाडी १९५६ पासूनची, तुमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या पुणेकरांनी त्यात फेरी मारलेली असेल. मधे मधे दुरुस्तीसाठी बंद असते, चौकशी करून जा. आणि एक वाजता स्टेशनकडे निघा. शनिवारवाडा, तुळशीबाग, लक्ष्मी रोड हे सगळं ह्या वेळी सोडा, ते पुढच्या ट्रिपला.

प्रश्न : आमचं बाळ अडीच वर्षांचं. पुण्यापर्यंत नेणं शक्य नाही. कोल्हापुरातच अर्ध्या दिवसात काही रेल्वेचं दाखवता येईल का? (कळंबा)

उत्तर : येतं की. कोल्हापूर-मिरज पॅसेंजर. अठ्ठेचाळीसेक किलोमीटर, तासाभराचा प्रवास, तिकीट अगदी कमी, आणि एवढ्या लहान मुलाला वंदे भारतच्या बंद काचेपेक्षा पॅसेंजरची उघडी खिडकी जास्त कळते, वारा लागतो, शिट्टी ऐकू येते, फेरीवाला येतो.

ही आपली लाइन तशी खास आहे. संस्थानाची स्वतःची रेल्वे होती ही, शाहू महाराज लहान असताना १८८८ मध्ये तिचं काम सुरू झालं आणि १८९१ मध्ये गाडी धावली. गूळ मार्केट म्हणून जे पहिलं छोटं स्टेशन लागतं त्याच्या नावातच सगळा व्यापार आला. मग वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून परागंदा झालेली हजारो माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ ते १९४८ ह्या काळात वळिवड्याच्या कॅम्पात राहिली, ती इथपर्यंत आली ती ह्याच रुळावरून. त्यांच्यातली काही माणसं म्हातारपणी परत गाव बघायला आली होती. रुकडीला पूल, हातकणंगले, मग जयसिंगपूर, जे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या नावाने वसवलं आणि रस्ते आधी आखून मग घरं बांधली.

लाइन अजून एकेरी आहे त्यामुळे मधल्या एखाद्या स्टेशनवर गाडी क्रॉसिंगला थांबते. लोक वैतागतात, तुम्ही मात्र खूश व्हा, कारण समोरून येणारी गाडी बाजूच्या रुळावरून धडधडत जाताना इतक्या जवळून बाळाला दुसरीकडे कुठे दाखवणार. कडेवर घट्ट धरा आणि खिडकीच्या आतूनच. मिरजेला उतरून प्लॅटफॉर्मवर चहा-बिस्किट, अर्धा तास गाड्या बघायच्या, मिळेल त्या गाडीने परत. दुपारच्या झोपेच्या आत घरी.

एक विनंती आहे सगळ्यांनाच. रुकडीच्या पुलाच्या बाजूला रुळात उभं राहून फोटो काढणारी माणसं दिसतात, लहान पोरांना घेऊन. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रुळात शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, पण कायदा राहू दे बाजूला, इलेक्ट्रिक गाडी फार आवाज न करता येते, डिझेलसारखी लांबून ऐकू येत नाही. पूर्वीच्या सवयीवर विसंबू नका.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त. मिरजेत लहानपण गेलं, तिथे तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकाच स्टेशनात बघितलेत. नातवाला हे सांगतो तर त्याला खरं वाटत नाही. आता दाखवण्यासारखं काही उरलंय का? (शाहूपुरी)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. मिरजेत तीन गेज होते हे आता चाळिशीच्या खालच्या माणसाला सांगितलं तर तोही मान हलवतो नुसती. पुणे-मिरज-कोल्हापूर आधी मीटरगेज होती, १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली, त्याआधी मुंबईला जायचं तर पुण्यात सामान उतरवून गाडी बदलायला लागायची. बंगळूरकडची बाजू त्यानंतरही बरीच वर्षं मीटरगेजच राहिली. आणि तिसरी ती बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, कुर्डूवाडीहून पंढरपूर करत मिरजेला यायची.

ही बार्शी लाइट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत पहिला तुकडा, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. त्याचा विचार असा की रूळ हलका आणि स्वस्त ठेवायचा असेल तर प्रत्येक आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये, मग इंजिन काय आणि वॅगन काय, सगळं त्या हिशोबाने बनवायचं, वजन जास्त आसांवर वाटून द्यायचं. अडीच फुटांच्या रुळावर वारीच्या दिवसांत माणसांनी लगडलेल्या गाड्या त्या हिशोबावर चालल्या. जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं. आता सगळं टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालंय, त्यामुळे मिरजेत जाऊन तीन रूळ एकत्र काही दिसायचे नाहीत.

पण दाखवता येतं. अंगणात किंवा गच्चीवर खडूने दोन-दोन समांतर रेघा मारा, ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, बार्शी लाइट ७६२, आणि हवं तर चौथी माथेरानची ६१०. नातवाला त्याच्यात झोपायला सांगा, कुठल्या रुळात तो आडवा मावतो ते बघा. एकदा अंगाने मोजलं की त्याला खरं वाटेल. मग त्याला एकेरी लाइनवर टोकनचा गोळा कसा चालायचा ते सांगा, स्टेशन मास्तर गोळा देणार, तो वेताच्या कड्यात घालून ड्रायव्हरने चालत्या गाडीतून उचलायचा, आणि तो हातात नसेल तर पुढच्या स्टेशनकडे गाडी न्यायचीच नाही, एका तुकड्यात एकच गाडी. तुम्ही ते हाताने केलेलं असणार, दुसरं कोणी एवढं चांगलं सांगू शकणार नाही. आणि हे लिहून ठेवा काका, वहीत, जसं आठवेल तसं. खरोखरच लिहा.

खरी नॅरोगेज इंजिनं बघायची तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, २००२ पासून. आपली महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून नागपूरवरून गोंदियाला जाते, पण त्याला शनिवार-रविवार पुरायचा नाही, मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे कोणी पाहुणे असतील तर जोडून घ्या. मेमधलं ऊन मात्र तुमच्या तब्येतीला मानवणार असेल तरच, नाहीतर दिवाळीची सुट्टी बरी.

प्रश्न : आम्ही चार मित्र, एका वीकेंडमध्ये पुण्याचं म्युझियम, माथेरानची टॉय ट्रेन आणि सीएसएमटी असं तिन्ही करायचं ठरवतोय. होईल ना? (इचलकरंजी)

उत्तर : नाही होणार. म्हणजे हजेरी लागेल, बघून होणार नाही. पुणं सोडा, ते कधीही होतं.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघा, सकाळी थेट सीएसएमटीलाच उतरता. घाईने बाहेर पडू नका. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेली इमारत, काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झालं, २००४ पासून जागतिक वारसा. समोरच्या फुटपाथवरून घुमट बघा, मग आत येऊन तिकीटघराचं छत बघा, खांबांवर कोरलेले प्राणी-पक्षी शोधा. ह्याच भागातून, बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडून. आणि पहिली विजेवरची गाडी पण इथूनच, ३ फेब्रुवारी १९२५, कुर्ल्यापर्यंत. शनिवार असाच जाईल, जाऊ द्या.

रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून नेरळ. माथेरानची गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय कुटुंबातल्या अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. दोन फुटांचा रूळ, सुमारे २१ किलोमीटर, समुद्रसपाटीजवळून निघून आठशे मीटरच्या आसपास चढायचं म्हणून ती नुसती वळणं घेत जाते, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद ठेवतात, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, त्यामुळे दिवाळीनंतर जा. फेऱ्या कमी आणि डबे छोटे, नेरळच्या खिडकीवर लवकर पोचलात तरच जागा. गाडी चुकली तर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी आणि तिथून अमन लॉज-माथेरान शटल, तेही वाईट नाही. संध्याकाळी उतरून कल्याणला या आणि रात्रीची महालक्ष्मी पकडा.

पण सोमवारची रजा मिळत असेल तर मी म्हणेन रविवारी रात्री मुंबईतच राहा आणि सोमवारी सकाळच्या कोयना एक्सप्रेसने या. बोरघाट रात्री झोपेत घालवणं म्हणजे सगळ्यात चांगला भाग सोडून देणं. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना, कारण पुढचा चढ ३७ ला १ आहे, ३७ मीटर गेलं की एक मीटर वर, एकट्या इंजिनाच्या आवाक्याबाहेरचं काम. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला, हजारो मजुरांनी प्राण गमावून तो खोदलाय, ह्याची आठवण ठेवून त्या बोगद्यांतून जा. कर्जतला वडापाव घ्या, गाडी थांबलेली असते तेवढा वेळ मिळतो.

प्रश्न : पुणे-मुंबई नेहमीचं झालं. गडहिंग्लजहून जवळ पडेल असं रेल्वेचं काही? (गडहिंग्लज)

उत्तर : हुबळी. बेळगाव ओलांडलं की हायवेने सरळ रस्ता, तुम्हाला तर पुण्यापेक्षा ते निम्म्यावर पडतं. स्टेशनजवळ २०२० मध्ये रेल्वे म्युझियम झालंय, नॅरोगेजची इंजिनं आहेत, जुन्या रेल्वे बंगल्यांतून मांडणी केलीय, त्या बंगल्यांना मलप्रभा आणि घटप्रभा अशी नद्यांची नावं आहेत. आणि म्युझियम झाल्यावर श्री सिद्धारूढ स्वामीजी स्टेशनवर जाऊन १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, जगातला सगळ्यात लांब, मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. चालून बघितल्याशिवाय दीड किलोमीटर म्हणजे काय ते कळत नाही. म्युझियमची साप्ताहिक सुट्टी विचारून निघा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जोशींचं म्युझियम बघून आलो आणि आता स्वतःचा छोटा लेआउट करायचाय. पैसे बेताचे, जागा म्हणजे खोलीतला एक कोपरा. सुरुवात कशी करू? (विद्यापीठ परिसर)

उत्तर : भावा, आधी स्केल ठरव, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान करायचं ते, बाकी सगळं त्याच्यावर आहे. जगात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १ ला ८७, रूळ १६.५ मिलिमीटरचा. त्याच्याहून छोटं एन, १ ला १६०, रूळ ९ मिलिमीटर. आपल्याकडच्या एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्याची लांबी साडेतेवीस मीटर धर, एचओमध्ये तो २७ सेंटिमीटर होतो, म्हणजे वीस डब्यांची गाडी लावायची तर पाच मीटरच्या वर जागा नुसती गाडीलाच गेली. एनमध्ये तोच डबा पंधरा सेंटिमीटरच्या आत. कोपऱ्यात करायचं असेल तर मी एन सुचवेन, पण हाताला बारीक कामाची सवय नसेल तर एचओ घे आणि चार डब्यांवर समाधान मान. एचओचं नेहमीचं वळण साधारण ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे गोल फिरवायला फळी किमान मीटरभर रुंद लागतेच, हे आधी मोजून घे.

वीज साधी आहे, १२ व्होल्ट डीसी, दोन रुळांतून जाते आणि चाकांतून मोटरला पोचते. व्होल्टेज कमी-जास्त केलं की वेग बदलतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी उलटी. दुसरी डिजिटल पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक इंजिनात चिप असते आणि एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, पण ती महाग, नंतर बघ. वेगाचा एक हिशोब करून ठेव, ताशी ११० ने जाणारी गाडी एचओच्या मापात सेकंदाला ३५ सेंटिमीटर जाते. नवीन माणूस हमखास ह्याच्या दुप्पट-तिप्पट पळवतो आणि मग ती खेळण्यासारखी दिसते.

आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिला ८७ ने भागलं तर १९ च्या वर येतं, बाजारातला रूळ १६.५ चा, म्हणजे भारतीय गाडी एचओ रुळावर जरा अरुंद पायांवर उभी दिसते. ह्याचा त्रास करून घेऊ नकोस, सगळेच चालवून घेतात.

डोंगर-झाडांसाठी बाहेरचं महागडं सामान मागवू नकोस. लहानपणी दिवाळीत किल्ला केला असशीलच, हे काम त्यातलंच आहे, जाळी किंवा कागदाचा लगदा खाली, वरून प्लास्टर. प्लास्टर कसं भिजवायचं, किती वेळात घट्ट होतं हे कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला गणपती करणाऱ्यांना विचार, गणपतीचा सीझन संपल्यावर जा म्हणजे त्यांना बोलायला सवड असते. माती म्हणून चहाचा चोथा वाळवून चाळून वापर, गवत म्हणून सॉ मिलमधला बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळव. आपल्या पावसाळ्याची मात्र आत्ताच काळजी घे, जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली की साधी फळी वाकते आणि रुळाचे सांधे उचलतात, म्हणून वॉटरप्रूफ प्लाय घे, दोन्ही बाजूंनी आणि कडांना रंग दे, भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. रूळ दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायचे, गाडी मधेच अडखळायला लागली तर दहातले नऊ वेळा धूळच असते, मोटर उघडत बसू नकोस.

आणि पहिला महिना फक्त एक अंडाकार लूप आणि एक सायडिंग, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा रूळ, एवढंच. गाडी हळू, न अडखळता, सांध्यांवर न उडता दोन्ही दिशांना फिरायला लागली की मगच डोंगर लाव, कारण प्लास्टर एकदा बसलं की खालचा सांधा दुरुस्त करायला सगळं फोडायला लागतं.